मोटारसायकलला कोणते तेल?

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी आणि पत्नी मोटारसायकलवरून पुण्याहून सासवडला निघालो होतो. वडकी मागे पडली, दिवे घाटाचा चढ सुरू झाला आणि गाडी विचित्र वागू लागली. मूठ पिळली की इंजिन मोठ्याने ओरडे, पण वेग काही वाढेना. उलट तो कमीच होत चालला. मागे खडी भरलेला एक डंपर हॉर्न वाजवत जवळ येत होता. कशीबशी गाडी कडेला घेतली. "अहो, पेट्रोल आहे ना?" पत्नीने विचारले. पेट्रोल भरपूर होते. इंजिनही ठणठणीत होते. त्याची शक्ती मागच्या चाकापर्यंत पोचत नव्हती, एवढेच.

थांबत थांबत घाट चढलो आणि सासवडचे एक गॅरेज गाठले. मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधीच विचारले, "साहेब, इतक्यात ऑइल बदललंय का?"

"हो, गेल्याच आठवड्यात. घरीच बदललं. चांगलं महागातलं टाकलंय."

"कारचं?"

यावर मी गप्प झालो. मेव्हण्याच्या मोटारीचे तेल बदलताना चार लिटरच्या डब्यात लिटरभर तेल उरले होते. माझ्या मोटारसायकलला लागते तेही लिटरभरच. मोटारीला जे चांगले, ते मोटारसायकलला आणखीच चांगले, असा हिशेब करून मी ते ओतले होते. पदार्थांच्या पृष्ठभागांचे रसायनशास्त्र हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता, हे मी मिस्त्रींना सांगितले नाही.

आपल्यापैकी अनेक शिक्षक रोज दहा-वीस किलोमीटर मोटारसायकलने शाळेत जातात. गाडीत कोणते तेल घालायचे हे बहुधा दुकानदार ठरवतो किंवा शेजारी ठरवतो. डब्यावर मात्र बरेच काही लिहिलेले असते, आणि ते वाचता येण्यासाठी जे विज्ञान लागते ते शाळेच्या पुस्तकाबाहेर फारसे जात नाही.

तेल नक्की करते काय?

"तेलामुळे घर्षण कमी होते," हे उत्तर सातवीतला मुलगाही देईल. पण कसे कमी होते? दोन धातूंच्या मध्ये तेल असते म्हणून, असे म्हणावे तर प्रश्न उरतोच. आसावर एवढे वजन असताना मधले तेल दाबून बाहेर का फेकले जात नाही?

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमध्ये जवळजवळ अपघाताने सापडले. ब्यूचँप टॉवर नावाचे एक अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. आस खालच्या बाजूने तेलात बुडालेला, वर त्यावर टेकलेले अर्धगोल बेअरिंग आणि बेअरिंगवर भार, अशी मांडणी होती. तेल घालायला म्हणून त्यांनी बेअरिंगला वरून एक भोक पाडले. आस फिरू लागला तसे भोकातून आत तेल जाण्याऐवजी आतले तेलच वर येऊन सांडू लागले. त्यांनी भोकात बूच मारले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकली. तेव्हा त्यांनी तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी दाब दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड होता. मापकाची पट्टी २०० पौंडांपर्यंतची होती आणि काटा त्याच्याही पलीकडे गेला! टॉवर यांचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला, आणि १८८६ साली ऑसबर्न रेनल्ड्स यांनी त्यामागचे गणित मांडले.

गणित बाजूला ठेवू, कल्पना सोपी आहे. फिरणारा आस आपल्या पृष्ठभागाला चिकटलेले तेल ओढत नेतो. आस आणि बेअरिंग यांच्यामधली फट सगळीकडे सारखी नसते. ती एका बाजूला रुंद असते आणि पुढे पाचरीसारखी निमुळती होत जाते. त्या निमुळत्या जागेत तेल कोंबले जाते. तेल दाट असल्यामुळे ते चटकन बाजूने निसटू शकत नाही. मग दाब वाढतो आणि आस अक्षरशः तेलावर तरंगतो. पावसात रस्त्यावर साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना गाडीचे टायर जमीन सोडून पाण्यावर घसरतात, त्यातला हाच प्रकार. तिथे तो जिवावर बेततो, इंजिनात तो हवासा असतो. इंजिनात या थराची जाडी काही मायक्रोमीटर एवढीच असते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतकी.

म्हणजे आस तोलून धरतो तो तेलाचा निसटायला लागणारा वेळ, त्याचा दाटपणा. शास्त्रीय भाषेत श्यानता. तेल फार पातळ असेल तर थर टिकणार नाही. मग जितके दाट तितके चांगले का? तसेही नाही. दाट तेल ढवळायलाच इंजिनाची शक्ती खर्ची पडते, पेट्रोल जास्त जळते, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या व्हॉल्व्हपर्यंत तेल चढायला वेळ लागतो. तेवढा वेळ वरचे भाग जवळजवळ कोरडेच एकमेकांवर घासतात. "जुन्या मंडळींचं जाड तेलच बरं" हा सल्ला म्हणून तपासूनच घ्यावा.

डब्यावरचे आकडे

श्यानता वर्गात दाखवता येते. मोजपात्रात किंवा उंच काचेच्या बरणीत एरंडेल भरा आणि सायकलच्या पेडलमधला बारीक छर्रा वरून सोडा. तो तळाशी जायला किती सेकंद लागतात ते मुलांना मोजू द्या. आता ती बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तेल चांगले कोमट होऊ द्या आणि पुन्हा छर्रा सोडा. (तेल थेट जाळावर तापवू नका.) या वेळी घड्याळ सुरू करेपर्यंत छर्रा खाली पोचलेला असेल. वीस अंशांवरून पन्नास अंशांवर जाताना एरंडेलाची श्यानता कित्येक पटींनी घसरते. इंजिनाच्या तेलाचेही तसेच आहे. साधारण १०डब्ल्यू-३० तेल ४० अंशांवर जेवढे दाट असते, त्याच्या सहावा-सातवा हिस्सा ते १०० अंशांवर असते.

तेल थंड असताना फार दाट होऊ नये आणि तापल्यावर फार पातळ होऊ नये, अशी आपली दुहेरी मागणी आहे. डब्यावरचे आकडे याच मागणीबद्दल बोलतात. अमेरिकेतल्या 'एसएई' या अभियंत्यांच्या संस्थेने ही प्रतवारी केली आहे. १०डब्ल्यू-३० यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा, वजन नव्हे. पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा: १०डब्ल्यू तेलाची श्यानता उणे २५ अंश सेल्सियसला ७,००० सेंटिपॉइजच्या पुढे जाता कामा नये. पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिपॉइज असते आणि मधाची काही हजार, यावरून अंदाज येईल. २०डब्ल्यू तेलाची अशी चाचणी उणे १५ अंशांना होते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला: ३० म्हणजे १०० अंशांवर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. हे आकडे म्हणजे इयत्तांसारखे आहेत. ४० क्रमांकाचे तेल ४० मार्कांचे नव्हे आणि ३० पेक्षा "दहाने चांगले"ही नव्हे.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. १० लहान आणि ३० मोठा, म्हणून हे तेल तापल्यावर दाट होते असे पुष्कळांना वाटते. तापल्यावर दाट होणारे तेल कोणत्याच डब्यात मिळत नाही. हे दोन आकडे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचे आहेत.

आता प्रश्न असा की आपल्याकडे उणे २५ अंशांशी काय संबंध? निफाडला किंवा महाबळेश्वरला फार तर दवबिंदू गोठतात. थिजणे म्हणजे काय ते मात्र आपल्याला चांगले माहीत आहे. डिसेंबरात न्हाणीघरातले खोबरेल तेल घट्ट होते आणि शेजारच्या बाटलीतले तिळाचे तेल वाहते राहते. खनिज तेलातले मेणही थंडीत असेच गोठू पाहते. महाराष्ट्रातल्या थंडीत २०डब्ल्यू तेलानेही गाडी सुरू व्हायला हरकत नाही. हिवाळ्यात लेहला जाणाऱ्याने पहिल्या आकड्याचा विचार करावा, आपण दुसऱ्याचा. तरी गाडी बनवणारे १०डब्ल्यू-३० सांगतात, कारण पहिल्या काही मिनिटांत पातळ तेल लवकर वर चढते आणि पेट्रोलही थोडे वाचते. शाळा पाच किलोमीटरवर असेल तर आपल्या प्रवासातला बराचसा भाग ही पहिली काही मिनिटेच असतात.

थंडीत पातळ आणि उष्णतेत दाट राहण्यासाठी तेलात बहुवारिकाचे लांबलचक साखळी-रेणू विरघळवतात. थंडीत हे रेणू लोकरीच्या गुंड्यासारखे आखडून बसतात, तापले की पसरतात आणि तेलाच्या वाहण्याला अडथळा करतात, असे चित्र नेहमी दिले जाते. सगळ्या बहुवारिकांना ते तंतोतंत लागू पडत नाही, पण कल्पना यायला पुरेसे आहे. ही युक्ती रुळण्यापूर्वी थंड देशांत उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे तेल वेगवेगळे असे आणि ऋतू पालटला की ते बदलावे लागे.

या साखळ्या मोटारसायकलमध्ये तुटतात. मोटारीत गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. मोटारसायकलमध्ये इंजिनाचेच तेल गिअरमधूनही फिरते, आणि गिअरचे दात लांब रेणूंना अडकित्त्यासारखे कातरतात. महिन्याभरात ४० चे तेल ३० सारखे वागू लागणे शक्य असते. भरीला भर म्हणजे तेल असते जेमतेम लिटरभर, आणि ताशी साठ किलोमीटरने जाताना शंभर सीसीचे इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे मारत असते. मोटारीचे इंजिन त्याच वेगाला त्याच्या निम्मेही फेरे मारत नाही, आणि तिथे तेल तीन-चार लिटर असते. त्यातून आपले बहुतेक इंजिन वाऱ्याने थंड होणारे. सिग्नलला वारा कुठला?

थर तुटतो तेव्हा

आस तेलावर तरंगतो हे खरे, पण तो वेगाने फिरत असेल तेव्हाच. सुरू होताना, थांबताना, किंवा पिस्टन वर-खाली जाताना ज्या क्षणी दिशा बदलतो त्या क्षणी पाचर तयार होत नाही. जर्मनीत रिचर्ड श्ट्रीबेक यांनी १९०२ साली वेगवेगळ्या वेगांना बेअरिंगमधले घर्षण मोजले. वेग अगदी कमी असताना घर्षण जास्त होते. वेग वाढला तसे ते झपाट्याने उतरले आणि एका किमान बिंदूनंतर पुन्हा सावकाश चढू लागले. उजवीकडचा चढ हा तेल ढवळण्याचा. डावीकडचा उंच भाग म्हणजे धातूला धातू टेकल्याची खूण. तिथे श्यानता कामाला येत नाही. तिथे उपयोगी पडते ते रसायन.

बैलगाडीच्या आसाला एरंडेल का घालत, हे इथे कळते. चाक इतके सावकाश फिरते की आस तरंगण्याचा प्रश्नच नाही. पण एरंडेलाच्या रेणूची घडण धातूला धरून राहणारी आहे. साबणाचा रेणू मुलांना शिकवताना आपण एक डोके आणि एक शेपूट काढतो. डोके पाण्याकडे, शेपूट तेलाकडे. इथे तसेच, फक्त ध्रुवीय डोके धातूकडे असते आणि शेपट्या शेतातल्या पिकासारख्या दाटीने उभ्या राहतात. दोन धातूंऐवजी दोन पिकांचे शेंडे एकमेकांवर घासतात. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या इंजिनांत एरंडेलच वापरत, आणि कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर ऑइल म्हणजे एरंडेलावरूनच आले.

आजच्या तेलात हे काम दोन प्रकारच्या द्रव्यांकडे असते आणि त्यांच्यातला फरक पुढे फार महत्त्वाचा आहे. पहिले झीज रोखणारे. जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेले एक संयुग १९४० च्या दशकापासून वापरात आहे. दाब आणि उष्णता मिळाली की ते धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर बसवते. झिजायचे ते या थराने झिजावे, धातूने नव्हे. हा थर काही विशेष गुळगुळीत नसतो. तो झीज कमी करतो, पण घर्षण फारसे कमी करत नाही. दुसरे द्रव्य घर्षणच कमी करणारे. काहींचे रेणू वर सांगितल्याप्रमाणे डोके-शेपटीचे असतात. काही मॉलिब्डेनमची संयुगे असतात. ती घासल्या जाणाऱ्या जागी पेन्सिलीतल्या ग्राफाइटसारखे एकमेकांवरून सरकणारे पापुद्रे तयार करतात. मोटारीच्या नव्या, पेट्रोल वाचवणाऱ्या तेलांत हे दुसरे द्रव्य मुद्दाम घातलेले असते.

क्लचची उलटी मागणी

मोटारसायकलच्या क्लचमध्ये चकत्यांची चळत असते. एक पोलादी, एक अस्तर लावलेली, पुन्हा एक पोलादी, अशी. अस्तर कागदी तंतूंचे किंवा बुचासारख्या पदार्थाचे. स्प्रिंगा या चकत्यांना एकमेकींवर दाबून धरतात आणि केवळ घर्षणाच्या जोरावर इंजिनाची शक्ती गिअरकडे जाते. बहुतेक मोटारसायकलींत ही चळत इंजिनाच्याच तेलात भिजत असते. तेलामुळे चकत्या थंड राहतात आणि क्लच झटका न देता लागतो. क्लच सोडला की चकत्यांमधले तेल पिळून बाहेर निघते, आणि उरते ते पृष्ठभागाला चिकटलेले रेणूंचे पीक. श्ट्रीबेक यांच्या आलेखाचा डावा टोकाचा भाग तो हाच.

म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हजवळ ज्या परिस्थितीत आपल्याला घर्षण नको आहे, अगदी त्याच परिस्थितीत क्लचमध्ये घर्षण हवे आहे. आणि दोन्हीकडे तेल एकच! मेव्हण्याच्या डब्यातल्या तेलाने मोटारीत जे चोख बजावले असते तेच माझ्या क्लचमध्येही चोख बजावले. सपाट रस्त्यावर क्लचवर ताण कमी होता म्हणून आठवडाभर काही कळले नाही. दोन माणसे आणि घाट एकत्र आले तेव्हा चकत्या सरकल्या. सरकल्या की तापतात, तापल्या की अस्तर जळते. तसेच रेटले असते तर नवा क्लच घालावा लागला असता.

हे प्रत्येक वेळी होतेच असे नाही. मोटारीचे तेल घालून वर्षानुवर्षे बिनतक्रार मोटारसायकल चालवणारे लोक मला भेटले आहेत. सगळ्याच मोटारींच्या तेलात ही द्रव्ये सारख्या प्रमाणात नसतात, आणि नव्या, घट्ट क्लचमध्ये काही काळ निभावते. पण डब्याबाहेरून ते ओळखायचे कसे?

जपानी वाहन उद्योगापुढे हाच प्रश्न होता. मोटारींची तेले निसरडी होत गेली तशा मोटारसायकलींच्या क्लचच्या तक्रारी वाढल्या. म्हणून १९९८ साली तिथे चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी 'जासो' नावाने ओळखले जाणारे मानक तयार झाले. यात तेल क्लचच्या खऱ्या चकत्यांवर घालून यंत्राने घर्षण मोजतात. घर्षण पुरेसे राहिले तर 'एमए', कमी भरले तर 'एमबी'. २००६ साली एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग पडले. एमए२ चे घर्षण जास्त. कातरण्याच्या चाचणीनंतर तेल किती दाट उरले पाहिजे, याचीही अट त्यात आहे.

एमबी म्हणजे नापास तेल असे मात्र समजू नका. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तेलाशी त्याचा संबंध येत नाही. तिथे निसरडे तेल फायद्याचेच. घोटाळा होतो तो एकाच घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असताना. दोन्ही डब्यांवर १०डब्ल्यू-३० लिहिलेले, कधीकधी कंपनीही एकच, आणि दारात उभा राहिलेला मेकॅनिक हाताला येईल तो डबा उघडतो. आकडे जुळले म्हणजे तेल जुळले असे नाही. एमए की एमबी, हे त्याच डब्यावर बारीक अक्षरांत असते.

जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची पेटी यांची वंगणे वेगवेगळी असत. त्या गाडीच्या मालकाला माझ्यासारखी फजिती सहज करून घेता आली नसती. राजदूत किंवा आरएक्स १०० सारख्या दोन-स्ट्रोक गाड्यांचे पेट्रोलबरोबर जळणारे तेल हा तर अगदीच निराळा पदार्थ. तो चार-स्ट्रोक इंजिनात घालू नये, एवढेच इथे सांगतो.

उरलेली अक्षरे

डब्यावर 'एपीआय' आणि पुढे एसजे, एसएल, एसएन, एसपी अशी अक्षरेही असतात. एस हे पेट्रोल इंजिनाचे आणि दुसरे अक्षर जितके पुढचे तितके मानक नवे. एसपी २०२० साली आले. मात्र इथे नवे ते चांगले, हा नियम डोळे झाकून लावू नये. फॉस्फरसमुळे धुरांड्यातला उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून मोटारींच्या नव्या पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. झीज रोखणारे द्रव्य म्हणजेच हा फॉस्फरस. मोटारसायकलच्या मानकात तो ०.०८ ते ०.१२ टक्के असावा लागतो, गिअरच्या दातांसाठी पुरेसा आणि उत्प्रेरकाला सोसेल इतका. मोटारीच्या डब्यावरच्या गोल शिक्क्यात इंधन किंवा साधनसंपत्ती वाचवत असल्याची ओळ दिसली, तर तो डबा मोटारसायकलपासून दूरच ठेवावा.

'सिंथेटिक' शब्दाबद्दल बरीच भीती आहे. सिंथेटिक तेलाने क्लच घसरतो, असे गॅरेजमध्ये सांगतात. घसरवते ते घर्षण कमी करणारे द्रव्य. मूळ तेल खनिज आहे की सिंथेटिक, याचा त्यात दोष नाही. एमए२ शिक्क्याची पूर्ण सिंथेटिक तेले मिळतात आणि ती उत्तम असतात. त्यांचे रेणू अधिक सारखे असतात, ती उष्णतेत उशिरा खराब होतात. शंभर सीसीच्या रोजच्या गाडीला ती हवीतच असे मला वाटत नाही. त्या पैशांत साधे तेल दोनदा बदलता येईल, आणि माझे मत विचाराल तर ते जास्त उपयोगाचे. खेड्यांत ट्रॅक्टरचे तेलही मोटारसायकलीत घालतात. त्याने क्लच सहसा घसरत नाही, पण डिझेल इंजिनासाठी त्यात क्षारयुक्त स्वच्छक द्रव्ये जास्त असतात आणि त्यांची राख ठिणगीच्या प्लगवर बसू शकते.

तेव्हा गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका शोधा. त्यात श्यानतेचे आकडे, जासोचा वर्ग आणि एपीआयची किमान पायरी दिलेली असते. या तिन्ही गोष्टी जुळणारे कोणत्याही भरवशाच्या कंपनीचे तेल चालते. गाडी बरीच झिजली असेल, धूर काढत असेल, तर लोक २०डब्ल्यू-५० घालतात. धूर काही दिवस कमी होतोही, पण झिजलेली रिंग त्याने भरून येत नाही.

तेल काळे झाले म्हणजे संपले, असे नाही. काजळी पोटात घेऊन ती चिकटू न देणे हे त्याचे कामच आहे. खरी काळजी शाळा जवळ असणाऱ्यांनी घ्यावी. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते (रासायनिक समीकरण मांडून मुलांकडून हा हिशेब करून घ्या). बहुतेक पाणी वाफ होऊन धुराबरोबर जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या बाजूने खाली तेलात उतरते. इंजिन पुरेसे तापले तर ती उडून जाते. चार-पाच किलोमीटरवर गाडी बंद केली तर ती तिथेच राहते. पावसाळ्यात तेलाचे झाकण उघडून पाहा. आतून ताकासारखा पांढरट फेस दिसला तर तो याचाच. अशा गाडीचे तेल किलोमीटर पुरे होण्याची वाट न बघता महिन्यांच्या हिशेबाने बदलावे, आणि अधूनमधून गाडी लांब फिरवून आणावी. तेलाची पातळी पाहताना गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी असावी. बऱ्याच गाड्यांत पट्टीचे आटे न फिरवता ती नुसती टेकवून पाहायची असते. लिटरभर तेलातले पाव लिटर कमी झाले तर ते बरेच झाले.

सासवडच्या मिस्त्रींनी माझे तेल काढून १०डब्ल्यू-३०, एमए वर्गाचे घातले. "दोनशे किलोमीटर फिरवा आणि परत बदला," असे बजावले, कारण चकत्यांच्या अस्तरात मुरलेले तेल एकदम निघत नाही. दुसऱ्यांदा बदलल्यावर क्लच पूर्ववत धरू लागला. चकत्या बदलाव्या लागल्या नाहीत. काढलेले तेल त्यांनी एका बाटलीत भरून मला परत दिले. आठवडाभरच वापरलेले ते तेल आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना घालतो. दोन वर्षांत त्या एकदाही कुरकुरल्या नाहीत.